मुंबईतली मुलींची हॉस्टेलं: फॉर्म सगळ्यांसाठी, खोली कुणासाठी?

मुंबईतल्या कॉलेजांच्या मुलींच्या हॉस्टेलची माहितीपत्रकं चाळलीत तर 'जात, धर्म, भाषा, प्रांत यांवरून भेद केला जात नाही' हे वाक्य हमखास भेटतं. ते खोटंही नसतं. प्रवेशाची यादी गुणांवर आणि आरक्षणावर लागते, तिथे फार हात घालता येत नाही. खरी वाटणी होते यादी लागल्यानंतर. खोली कुणाबरोबर, ताट कुठल्या टेबलावर, लोकल गार्डियन कोण, वर्गणी किती, या चार ठिकाणी छापील नियम संपतो आणि कुणाची तरी मर्जी सुरू होते. वाय-फाय, गीझर, ढेकूण यांवरची परीक्षणं भरपूर आहेत. इथे मुख्यतः या चार ठिकाणी काय घडतं आणि ते कसं दुरुस्त होतं ते पाहू, शेवटी इमारत आणि फॉर्म यांकडेही.

आधी प्रकार समजून घेऊ. सरकारी वसतिगृहांत प्रवर्गनिहाय जागा आधीच जाहीर असतात, राहणं-जेवण मोफत असतं आणि प्रवेशाच्या बाबतीत ती सर्वांत सरळ आहेत. जेवणाचा ठेका आणि इमारतीची देखभाल मात्र जेमतेम. कॉलेजच्या किंवा विद्यापीठाच्या हॉस्टेलांमध्ये सोयी बऱ्या, पण सगळा कारभार रेक्टर मॅडमच्या स्वभावावर. समाजाच्या ट्रस्टची हॉस्टेलं फॉर्मवरच सांगतात की आमच्या ज्ञातीच्या मुलींना प्राधान्य. त्यांच्याकडे सर्वसमावेशकता शोधायला जाऊ नये, पण निदान ती हॉस्टेलं हे लपवत तरी नाहीत. आणि अंधेरी, पार्ले, माटुंग्याकडचे पीजी (पेइंग गेस्ट). तिथे 'फक्त शाकाहारी' अशी पाटी असते आणि आडनाव ऐकल्यावर 'खोली आत्ताच गेली' हे उत्तर येतं. तिथे दाद मागायला कुणी नाही, म्हणून या चौघांत पीजी सर्वांत खाली.

खोलीवाटप

हॉस्टेलची खरी परीक्षा इथेच. चालू पद्धत अशी: सीनियर आपापल्या खोल्या आणि मैत्रिणी आधी ठरवून ठेवतात, उरलेल्या खाटांवर नव्या मुली बसवल्या जातात. आडनावावरून जात आणि धर्म दोन्ही कळतात. मग पहिल्या रविवारी 'आमचं जमत नाही' म्हणून अदलाबदल सुरू होते आणि रेक्टर 'समजून घे ग' म्हणून जिला हलवतात ती बहुतेक वेळा तीच असते, जिच्या बाजूने बोलायला मजल्यावर कुणी नसतं.

हे फक्त आपल्याकडचं नाही. अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये मुलींच्या सोरोरिटी असतात. सदस्या निवडून घेणाऱ्या संघटना, अनेक ठिकाणी स्वतःचं राहायचं घर असलेल्या. त्यांची नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स १९०२ पासून आहे. नवी मुलगी घ्यायची की नाही हे जुन्या सदस्या बंद दाराआड ठरवतात. २०१३ मध्ये अलाबामा विद्यापीठातल्या 'क्रिमसन व्हाइट' या विद्यार्थ्यांच्याच वृत्तपत्राने छापलं की उत्तम गुण असलेल्या एका कृष्णवर्णीय मुलीला माजी सदस्यांच्या दबावामुळे नाकारलं गेलं. त्यानंतर विद्यापीठाला निवड पुन्हा उघडावी लागली. पुढे २०२०च्या सुमारास अनेक सोरोरिटींनी आई किंवा बहीण सदस्य असल्यास मिळणारं झुकतं माप काढून टाकलं. हा बदल उपयोगी, कारण तो मर्जीच कमी करतो. 'सर्वांचं स्वागत आहे' अशी पोस्टरं लावून तसं काही होत नाही. ज्यांना दार उघडलं नाही त्यांनी आपलं वेगळं घर बांधलं: हॉवर्ड विद्यापीठात १९०८ मध्ये कृष्णवर्णीय मुलींची अल्फा कॅपा अल्फा, ह्यूस्टनमध्ये १९९८ साली दक्षिण आशियाई मुलींची डेल्टा फाय ओमेगा. मुंबईतली समाजाची काही हॉस्टेलंही याच कारणाने उभी राहिली. काही निव्वळ आपली माणसं आपल्यात ठेवायला, हेही खरं.

चांगल्या हॉस्टेलात वाटप असं व्हायला हवं. आधी वैद्यकीय आणि अपंगत्वाच्या गरजेच्या खोल्या बाजूला काढायच्या, शक्यतो तळमजल्यावर. मग प्रत्येकीकडून चारच गोष्टी लिहून घ्यायच्या: झोपायची वेळ, रात्री दिवा लावून अभ्यास करते का, पंखा किती जोरात चालतो, कसली अ‍ॅलर्जी आहे का. गाव, आडनाव, बोर्ड, माध्यम, खाणं हे काही विचारायचं नाही. नंतर नावांऐवजी अर्ज क्रमांकांच्या चिठ्ठ्या काढायच्या, दोन नव्या मुलींना समोर बसवून, आणि यादी त्याच संध्याकाळी बोर्डावर लावायची. पहिले तीस दिवस अदलाबदल बंद. त्यानंतर हवी असेल तर लेखी अर्ज, आणि दोन्ही खोल्यांतल्या सगळ्या मुलींच्या सह्या.

इथे दोन ठिकाणी घोटाळा होतो. तीन खाटांच्या खोलीत दोन जुन्या मैत्रिणी आणि एक अनोळखी मुलगी टाकली की ती एक वर्षभर पाहुणी राहते. तिघी एकमेकींना अनोळखी असणं बरं. चार खाटांत दोन-दोनच्या जोड्या चालतात. दुसरं, निव्वळ चिठ्ठ्यांनी कधीकधी नंदुरबारमधल्या अक्राणीहून आलेली मुलगी अख्ख्या मजल्यावर एकटी पडते. खोली वेगळी असू दे, पण त्याच भागातली दुसरी मुलगी त्याच मजल्यावर असेल एवढी दुरुस्ती चिठ्ठ्यांनंतर करावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (युजीसी) २००९च्या रॅगिंगविरोधी नियमांनुसार नव्या मुलींना जमेल तिथे वेगळ्या भागात ठेवायचं असतं. हा नियम पाळला तर सीनियरांचं खोल्या अडवणं निम्म्याने आपोआप कमी होतं.

'मला व्हेज रूममेट हवी' ही मागणी सर्वांत जास्त येते, आणि रेक्टरांना ती निरुपद्रवी वाटते. खोलीत शिजवायला मुळात परवानगी नसेल तर रूममेट मेसमध्ये काय खाते याचा खोलीशी संबंध काय? ही मागणी मान्य करणारं हॉस्टेल प्रत्यक्षात जातीनिहाय खोल्या वाटत असतं, फक्त फॉर्मवर दुसरा शब्द असतो.

खोलीतल्या त्रासाला 'मुलींमधलं भांडण' समजून सोडणं किती महाग पडतं हे मुंबईला माहीत आहे. मे २०१९ मध्ये नायर रुग्णालयाच्या डॉ. पायल तडवी यांचा मृत्यू झाला. सीनियर सहकाऱ्यांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला, खटला उभा राहिला. त्यांच्या आई आबेदा तडवी आणि हैदराबाद विद्यापीठातल्या रोहित वेमुलाच्या आई राधिका वेमुला यांनी त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिचा रोख होता युजीसीच्या २०१२च्या समता नियमांची अंमलबजावणी होत नाही यावर.

मेस

मेसमध्ये भांडी वेगळी असावीत, टेबलं नव्हे. हे एक सूत्र धरलं की बरेचसे वाद मिटतात. शाकाहारी आणि मांसाहारी वाढण्याच्या खिडक्या वेगळ्या, डाव-पळ्यांच्या मुठी दोन रंगांच्या, तवा आणि तळणीचं तेल वेगळं. एवढ्याने शाकाहारी मुलीची अडचण खरोखर सुटते. बसायची जागा वेगळी केल्याने तिच्या ताटात काहीच फरक पडत नाही, फक्त दुसरीला हलकं ठरवलं जातं. आयआयटी मुंबईत २०२३ मध्ये हेच झालं. एका हॉस्टेलच्या कॅन्टीनमध्ये 'इथे फक्त शाकाहारींनी बसावं' अशी पोस्टरं लागली, नंतर मेस कौन्सिलने सहा टेबलं शाकाहारींसाठी राखली आणि निषेध करणाऱ्या विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड झाला. ते मुलांचं हॉस्टेल होतं, पण मुलींच्या मेसमध्ये हीच टेबलं पोस्टर न लावताही असतात. रविवारी दुपारी एक वाजता जाऊन नुसतं बसा. कोण उठून कुठे जातं ते पाचच मिनिटांत दिसतं.

जैन जेवणासाठी वेगळा स्वयंपाकी लागतो ही ठेकेदाराची सबब आहे. फोडणीत कांदा-लसूण पडण्याआधी छोट्या पातेल्यात भाजी-आमटी काढून ठेवली की काम होतं. बटाटा असलेल्या भाजीच्या दिवशी मात्र दुसरी भाजी लागते, ती आठवड्याच्या तक्त्यात आधीच लिहावी. मांसाहार कुपनावर ठेवावा, बुधवार-शुक्रवार-रविवार. मासिक बिलात सगळ्यांवर वाटला तर शाकाहारी मुली दुसऱ्यांच्या मटणाचे पैसे भरतात आणि तिथून कटुता सुरू होते. अंडं मुलींना रोजच्या प्रथिनांसाठी हवं असतं. ते कुपनावर पण रोज असावं.

आता रमजान. एकादशीला साबुदाण्याची खिचडी न मागता होते, संकष्टीला वेगळं ताट असतं, आणि सहरीसाठी, म्हणजे रोज्याआधीच्या पहाटेच्या खाण्यासाठी, मात्र अर्ज, पालकांचं पत्र, रेक्टरांची सही. हा फरक कुणी मुद्दाम करत नसेल, पण असतो. उपाय स्वस्त आहे: आदल्या रात्री साडेदहापर्यंत डबा, त्यात चार पोळ्या, सुकी भाजी, दोन उकडलेली अंडी किंवा दही, केळी. फ्रिज आणि मायक्रोवेव्ह पहाटे उघडे. रात्रीचं जेवण सव्वासातला संपत असेल तर इफ्तारनंतर जेवणाऱ्या मुलींची ताटं झाकून ठेवायची. रमजान दरवर्षी साधारण अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तो परीक्षेच्या दिवसांत येतो की सुट्टीत हे बदलत राहतं. वर्षाच्या सुरुवातीलाच मेस कमिटीने कॅलेंडर पाहून ठेवावं.

सुकट, बोंबील, ईशान्येकडच्या मुलींच्या आंबवलेल्या बांबूच्या लोणच्याचा वास, यावरून होणारी तक्रार हा मुंबईच्या हॉस्टेलांचा खास विषय. खोलीत शिजवण्यावरची बंदी रास्त आहे. सहा अँपिअरच्या प्लगवर जेमतेम १३८० वॅट निघतात आणि इंडक्शन शेगडी १५०० ते २००० वॅट ओढते, म्हणजे मजल्याचा फ्यूज उडणार किंवा वायर तापणार. पण ही बंदी फक्त वासाच्या वेळी आठवत असेल आणि मॅगीच्या वेळी नाही, तर कारण वीज नाही. मजल्यावर एक पॅन्ट्री, एक सोळा अँपिअरचा प्लग, एक एक्झॉस्ट पंखा आणि वेळ लिहायची वही, एवढं असलेल्या हॉस्टेलला या विभागात डोळे मिटून पैकीच्या पैकी.

लोकल गार्डियन आणि गेटची वेळ

लोकल गार्डियनची अट कागदावर सर्वांना सारखी असते. बोरिवलीला मावशी आणि डोंबिवलीला काका असलेल्या मुलीला ती अट जाणवतही नाही. मोखाड्याहून किंवा गडचिरोलीहून आलेल्या, घरात पहिल्यांदाच कॉलेज पाहणाऱ्या मुलीला मुंबईत सही करणारं माणूसच नसतं. मग ती गावच्या कुणाच्या तरी ओळखीचा माणूस आणते. सुरक्षेसाठी घातलेली अट तिला अनोळखी माणसाच्या हवाली करते. गार्डियन म्हणून कॉलेजची प्राध्यापिका, एनएसएसची समन्वयक किंवा माजी विद्यार्थिनी चालेल असं फॉर्मवर छापलेलं असेल तर ते हॉस्टेल विचार करून चालवलेलं आहे.

याच प्रकारचा दुसरा नियम: 'मुंबई, ठाणे, पालघर जिल्ह्यातील रहिवासी अपात्र'. डहाणू रोडपर्यंत लोकल जाते हे ठीक, पण जव्हार-मोखाड्याला रेल्वेच नाही. अट जिल्ह्याची नको, घरापासून कॉलेजपर्यंतच्या प्रवासाच्या वेळेची हवी.

गेटच्या वेळेबद्दल युजीसीचे २०१५चे लैंगिक छळविरोधी नियम स्पष्ट आहेत: सुरक्षेचं कारण देऊन हॉस्टेलातल्या मुलींवर मुलांपेक्षा वेगळी बंधनं घालता येत नाहीत. तरी आठ, साडेआठ, नऊ अशा वेळा सर्रास दिसतात. त्याचा सर्वांत मोठा फटका संध्याकाळी शिकवण्या घेऊन किंवा दुकानात काम करून खर्च भागवणाऱ्या मुलींना बसतो. नाटकाच्या तालमीसाठी लेट पास मिळतो, नोकरीसाठी मिळत नाही, हा भेद विचारून पाहा. उत्तर देताना समोरची व्यक्ती अडखळते.

पैसे

सरकारी हॉस्टेलात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबईसाठी वर्षाला ६० हजार रुपये: जेवणाचे ३२ हजार, राहण्याचे २० हजार, निर्वाहाचे ८ हजार. अनुसूचित जमातींसाठी स्वयम् योजना तशीच. अडचण वेळेची आहे. हॉस्टेल जुलैत अख्ख्या सत्राचे पैसे आणि डिपॉझिट मागतं, योजनेचे पैसे नंतर येतात. २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या कुटुंबातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे, पण त्यात हॉस्टेल येत नाही. पालकांचा इथे नेहमी गैरसमज होतो. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत २०१८ मध्ये संप झाला तोही शिष्यवृत्तीधारक विद्यार्थ्यांची शुल्कसवलत काढून घेतल्यावरून, आणि त्यात वसतिगृहाचा, जेवणाचा खर्च हाच मोठा मुद्दा होता. शिष्यवृत्तीच्या अर्जाची पोच दाखवली की तिमाही हप्ते घेतो, असं जे हॉस्टेल लेखी देतं तेच गरीब मुलीच्या खऱ्या उपयोगाचं.

एसी खोल्या एका मजल्यावर आणि चार खाटांच्या दुसऱ्या मजल्यावर अशी रचना असेल तर मजलेच आर्थिक वर्गाचे होतात. दोन्ही प्रकार प्रत्येक मजल्यावर मिसळावेत. आणि गणपती, नवरात्र, वार्षिक दिवस, 'डेज' यांच्या वर्गण्या: दारोदार वही फिरवली की 'नाही' म्हणणारी सगळ्यांना कळते. त्याऐवजी वर्षाला एकच छोटी रक्कम फीमध्येच, किंवा बंद पेटी. साडी डेसाठी माजी मुलींनी दिलेल्या साड्यांचं एक कपाट ठेवलं तर त्यातून सगळ्याच मुली साड्या नेतात, गरज कुणाला होती ते दिसत नाही.

पायरी, पाटी, फॉर्म

दिव्यांग मुलींसाठी बहुतेक इमारती नापास. उताराचं प्रमाण १:१२ लागतं. म्हणजे सहा इंचांच्या एका पायरीसाठी सहा फूट लांब उतार. दारात टाकलेली दोन फुटांची फळी म्हणजे रॅम्प नव्हे, ती व्हीलचेअर उलटवते. दार ९०० मिलिमीटर मोकळं, न्हाणीघरात खुर्ची वळायला १५०० मिलिमीटरचं वर्तुळ, आणि न्हाणीघराचं दार बाहेर उघडणारं, कारण आत कुणी पडलं तर आत उघडणारं दार ढकलता येत नाही. जुन्या इमारतींत लिफ्ट दोन मजल्यांच्या मधल्या सज्जावर थांबते. 'लिफ्ट आहे' एवढ्यावर विश्वास ठेवू नका, लिफ्टमधून उतरल्यावर किती पायऱ्या ते मोजा.

अंध मुलींची अडचण फुकटात सुटते, तरी सुटत नाही. सही-शिक्क्याच्या नोटिशीचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला तर मोबाइलमधलं वाचक सॉफ्टवेअर तो धड वाचू शकत नाही. जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर तर अक्षरांचा कचरा म्हणून वाचला जातो. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर फोटोखाली चिकटवावा, बस. तो मराठीत आणि इंग्रजीत दोन्ही असला तर दक्षिण मुंबईत 'व्हर्नॅक' (व्हर्नाक्युलर, म्हणजे मराठी माध्यमाची) म्हणून हिणवल्या जाणाऱ्या मुलीला नोटीस कळली नाही म्हणून दंड भरावा लागणार नाही.

पारलिंगी विद्यार्थ्यांबाबत मुंबईत दाखवण्यासारखं उदाहरण टाटा संस्थेचंच. तिथे २०१८ मध्ये मुलींच्या एका हॉस्टेलचा तळमजला लिंगनिरपेक्ष केला गेला. २०१९च्या कायद्याने शिक्षणसंस्थांना भेदभावाची मनाई आहे. स्वतंत्र मजला शक्य नसेल तरी जोडलेल्या न्हाणीघराची एक खोली राखून ठेवता येते, आणि हाक मारायचं नाव फॉर्मवर वेगळ्या रकान्यात घेता येतं. शस्त्रक्रिया झाली का, हे कुणालाही विचारण्याचं कारण नाही.

पाहायला जाल तेव्हा

ऑफिसात बसून प्रश्न विचारलेत तर माहितीपत्रकच ऐकायला मिळेल. गेल्या वर्षीच्या खोलीवाटपाची यादी नावं झाकून दाखवा म्हणा. मेस कमिटीवर पहिल्या वर्षाची मुलगी आहे का आणि कमिटी निवडून येते की रेक्टर नेमतात, विचारा. निवडणूक मजल्यानुसार असेल तर बरं, अख्ख्या हॉस्टेलची एकच असेल तर सर्वांत मोठा गट सगळ्या जागा घेतो. साफसफाईच्या मावशींशी दोन शब्द बोला, कुठल्या खोल्यांत कोण टिकत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. तक्रार समितीच्या पाटीवरचा फोन नंबर तिथेच उभं राहून लावा. पाटी असते, पण नंबर बऱ्याचदा निवृत्त झालेल्या बाईंचा असतो. रॅगिंगची राष्ट्रीय हेल्पलाइन १८००-१८०-५५२२ ही हॉस्टेलवर अवलंबून नाही, ती आधीच मोबाइलमध्ये घालून ठेवा.

पीजी घ्यावाच लागला तर खाण्याच्या, पाहुण्यांच्या आणि वेळेच्या अटी करारात लिहून घ्या, डिपॉझिट किती दिवसांत परत ते आकड्यात, आणि पैसे बँकेतूनच द्या. 'लिहायचं कशाला, आपण घरच्यासारखे' असं मालकीण म्हणाल्या तर दुसरा पीजी बघा.